राख ठेवायला जागा

माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. विश्रामबागच्या एका हायस्कुलात आयुष्यभर पोरांवर ओरडले. मग निवृत्त झाले आणि ओरडायला कुणी उरलं नाही म्हणून घरातल्या भांड्यांवर राग काढू लागले. शेवटी एका रविवारी गावच्या घाटावर नदी साफ करणाऱ्या मंडळींत जाऊन उभी राहिले. आमचे हे, म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन ऊस लावत बसलेले माझे यजमान, म्हणाले, "झ्याक झालं. आता नदीवर ओरड."

ओरडले की! आमचं गाव कृष्णेच्या काठावर, आणि घाटाच्या वरच पूल. पुलावर गाडी थांबवायची, हेल्मेटसुद्धा न काढता निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी गाठ मारून खाली सोडायची आणि कपाळाला हात लावून निघून जायचं, असे महाभाग दर रविवारी भेटायचे. एकाला मी खालून हटकलं तर वरून म्हणतो, "ओ मॅडम, नदी काय तुमच्या बापाची हाय का?" म्हटलं, "व्हय, माझ्याच बापाची! तुझ्या बापाची असती तर टाकली असतीस का रं पिशवी?" घाटावरचे सगळे खो खो हसले. तो पुन्हा काही दिसला नाही. बहुतेक पुढच्या पुलावर जात असेल.

आमच्या गटातले सगळे एका माळेचे मणी. दोन-तीन माजी सैनिक, मिरजेत दवाखाना असलेले एक डॉक्टर, सोसायटीचे जुने चेअरमन, भजनी मंडळातल्या बायका. पेन्शन नाहीतर ऊस, आणि बऱ्याच जणांकडं दोन्ही. गमबूट चढवून पाण्यात उतरायचं, केंदाळ, म्हणजे जलपर्णी, ओढून काठावर टाकायचं आणि त्याच्या मुळांत अडकलेलं काय काय उपसत बसायचं. काय निघत नव्हतं ते विचारा! फुटक्या काचेच्या देवांच्या तसबिरी, अर्धी गादी, लुगडी, वाकळा, सलाईनच्या नळ्या. एकदा तर कवळी निघाली. डॉक्टर ती हातात धरून म्हणाले, "मालक हुडकायला पाहिजे, अजून चालेल." आम्ही हसून हसून चिखलात बसलो.

पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. गादी, वाकळ, कवळी, हे सगळं मेलेल्या माणसांचं. आमच्याकडं माणूस गेला की तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं जातं, सकाळी सगळं गाव घाटावर जमतं, थंड झालेली राख घमेल्यांनी भरून नदीत सोडतात. राखेमागून त्या माणसाचं अंथरूण-पांघरूण जातं, कपडे जातात, औषधांची पिशवीही जाते. एका आठवड्यात तीन मयतं झाली की पुढचा रविवार आमचा त्यातच जायचा.

म्हणून आम्ही ग्रामसभेत ठराव मांडला. यापुढं राख नदीत सोडायची नाही. आपापल्या रानात खड्डा काढायचा, त्यात राख घालायची, वर आंब्याचं रोप लावायचं. माणूसही रानात राहील आणि नातवंडं आंबे खातील. माझंच भाषण होतं ते. आंब्याच्या वाक्याला टाळ्या पडल्या. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी केले, आणि अगदी मागं, बायकांच्या रांगेच्या शेवटी, आक्कानंही केला.

आक्का आमच्या गटातली, पण ना पेन्शनीतली ना उसातली. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातलं मेंढपाळाचं घर तिचं. दिवाळीनंतर तिकडचं पाणी आटलं की तिचे मालक, म्हणजे नवरा, मेंढरं घेऊन नदीकडं यायचे. कुणाच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायची, धान्य घ्यायचं, वावरवाला उठ म्हणाला की उठायचं आणि पुढच्या वावरात जायचं. मग त्यांचा पाय अधू झाला. मेंढरं विकली आणि दोघं आमच्या गावच्या गायरानात दोन खोल्या घालून राहिली. त्या खोल्याही हलवा म्हणून सारखी कुणाची तरी नोटीस यायची. मुलगा लांब तमिळ मुलखात, विट्याच्या एका सोनं गाळणाऱ्याच्या दुकानात कामाला. आक्का दुसऱ्यांच्या रानात खुरपायची आणि रविवारी नदीवर यायची. बूट नाहीत की हातमोजे नाहीत, लुगडं खोचून सगळ्यांत पुढं. मी एकदा विचारलं, "आक्का, सहा दिवस राबतेस, एक दिवस तर पाठ टेक की." तर म्हणाली, "बाई, आमच्या मुलखात घागरभर पाण्यासाठी मी जन्म घालीवला. हितं एवढं पाणी आनि त्यात ही घान? मला बघवत न्हाई."

ठराव झाला, पण पाळणार कोण? पहिलंच मयत झालं ते गावातल्या सगळ्यात मोठ्या घरात. म्हातारी गेली. तिसऱ्या दिवशी घमेली घेऊन सगळा गोतावळा घाटावर. आम्ही गटातली माणसं बाजूला उभी, एकमेकांच्या तोंडाकडं बघत. डॉक्टरांना नेमका फोन आला. चेअरमन म्हणाले, "आजच्या दिवस जाऊ द्या." मी, खरं सांगते, मीही गप्प. तेवढ्यात आक्का पाण्यात उतरली. गुडघाभर पाण्यात जाऊन घमेल्यासमोर हात जोडून उभी राहिली. "आवं दादा, न्हाई. गावानं ठरीवलंय. तुमचं रान केवडं हाय, आईला रानात न्या. तिनं जन्मभर बघितलं त्ये रान." मोठ्या घरचा थोरला लालबुंद झाला. "तू कोण सांगनार?" असं म्हणालाही. पण सगळं गाव बघत होतं आणि समोर एक हात जोडलेली बाई. घमेली माघारी फिरली. त्यानंतर आमच्या घाटावर कुणी राख सोडली नाही.

आणि मग, उन्हाळा संपता संपता, आक्काचे मालक गेले. दुपारी जेवून कलंडले ते उठलेच नाहीत. मुलाला फोन गेला. त्याला मिरजेला गाडीनं पोचायला तिसरा दिवस उजाडणार होता. तोवर थांबता येईना. लेकीकडचे आले, जावयानं अग्नी दिला. आम्ही सगळे होतो. डॉक्टरांनी लाकडांची सोय केली, बायकांनी आक्काला धरलं. चांगलं केलं आम्ही, मनापासून केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पिठलं-भाकरी घेऊन तिच्याकडं गेले. भोंग्यावर नुकतंच सांगून झालं होतं, उद्या सकाळी रक्षाविसर्जन. आक्का दारात बसली होती. मी डबा ठेवला, जवळ बसले. तिनं डबा न उघडताच बाजूला सरकवला. मग म्हणाली, "बाई, एक इचारू का?"

"विचार की."

"राख कुटं ठिवायची?"

मला आधी कळलंच नाही. कुठं म्हणजे? रानात. खड्डा काढून, वर आंबा. तसं सांगायला गेले आणि लक्षात आलं. तिला कुठलं आलंय रान? सगळ्या गावासमोर मी आंब्याचं भाषण ठोकलं होतं. डॉक्टर, चेअरमन, फौजी, भजनी मंडळ, एवढ्या शहाण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की गावात रान नसलेलीही माणसं मरतात. आम्हा उसवाल्यांना वाटतं माणूस म्हटलं की त्याला रान असणारच.

मी म्हटलं, "तुमच्या गावाकडं?"

"तिकडं काय हाय? भावकीनं सगळं वाटून घेतलं. आनि तिकडं पानी न्हाई. मालक म्हनायचे, मेलो तर मला पाण्यापाशी ठिवा, तहानेनं लय फिरलोय." तिनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. "हितं गायरानात पुरलं तर उद्या त्ये यंत्र घेऊन येत्याल आनि सपाट करत्याल."

"मग नदीत सोड," मी म्हणाले. "मी बघते कोण बोलतंय ते. तुझ्यासाठी ठराव-बिराव काही नाही."

ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मलाच मान खाली घालावी लागली. "मी त्या म्हातारीची राख माघारी लावली बाई. आता माज्या मानसाची सोडू? उद्या त्येंच्या रानात खुरपायला कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी घरी येता येता रस्त्यातूनच फोन लावले. मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपवर लिहिलं नाही. एकेकाला हाक मारली. किती गोड माणसं सगळी! चेअरमन म्हणाले, "बाई, रान भावांत सामायिक हाय, इचारायला पाहिजे." एक माजी सैनिक म्हणाले, "माझी हरकत नाही हो, पण आई अजून आहे, तिला परक्याची राख वावरात चालायची नाही." डॉक्टर म्हणाले, "उद्या त्यांनी तिथं दगड उभा केला, परवा समाधी बांधली, तर पुढं त्रास होतो. मी एका लांबच्या केसमध्ये पाहिलंय." दर रविवारी आक्काच्या हातची चटणी खाणारी ही माणसं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. फोन ठेवताना मी त्यांना काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

घरी आमचे हे जेवायला बसले होते. मी ताट वाढलं आणि म्हटलं, "उद्या आक्काच्या मालकांची राख आपल्या रानात घ्यायची."

त्यांनी घास खाली ठेवला. "न्हाई."

"का?"

"आज झाड, उद्या दगड, परवा तिचा पोरगा येऊन म्हणंल ह्या जागंवर माझा हक्क हाय. तुला काय कळतंय जमिनीतलं?"

"हातभर जागा मागतेय मी. तुमचं काय खळं लुटायला निघालेय का?"

"हातभराचाच तर खटला चालतो," ते म्हणाले. "रान माझ्या बापानं रक्ताचं पाणी करून केलंय."

मग मी सोडलं नाही. आमचं रान घाटाला लागून, थेट नदीवर. नदीकाठची गाळाची पट्टी, तिला आम्ही मळी म्हणतो, अशी कसदार की नुसतं बेणं टाकलं तरी ऊस डोक्यावर जातो. सासऱ्यांच्या वेळी हद्दीचा दगड उसाच्या बाहेर होता. दर लागणीला एक-दोन सऱ्या खाली सरकत सरकत ऊस पाण्याला टेकला, आणि दगड आता उसाच्या आत, पाचटात, म्हणजे वाळल्या पाल्यात, कुठंतरी आहे. आमचंच नाही, काठावरच्या सगळ्यांचं तसंच. लपवण्यासारखं त्यात काही नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. फक्त कुणी बोलत नाही.

मी म्हटलं, "तुमच्या बापाच्या रानात नकोच. दगडाच्या खालची जागा द्या. ती कुठं तुमची आहे? ती नदीची आहे. मी दर रविवारी नदीसाठी चिखलात उभी राहते आणि आपणच तिचा काठ खाऊन बसलोय!"

"उभ्या उसात?"

"उभ्या उसात."

"तोडणीला अजून लय अवकाश हाय. कवळा ऊस तोडू? तुझं डोकं फिरलंय," असं म्हणून ते ताटावरून उठले. आमच्या घरात ताटावरून उठणं म्हणजे बोलणं संपलं.

माझं संपलं नव्हतं. सकाळी दिसायला लागल्याबरोबर मी कोयता घेतला आणि रानात गेले. आयुष्यभर खडूच्या पलीकडं काही धरलेलं नाही. उसाच्या पात्यांनी हात ओरबाडले, गालावर चरे उठले. मी वरूनच छाटत होते आणि ऊस अंगावर पडत होता. रडतही होते, रागानं की कशानं कोण जाणे. अर्धी सरीसुद्धा झाली नसेल, तोच मागून आवाज आला, "आगं, बुडक्यातनं तोड. असं छाटून काय झाड वाढवायचंय का?"

आमचे हे उभे होते. पायात फौजेतले जुने बूट, हातात दुसरा कोयता. माझ्या हातातला त्यांनी काढून घेतला आणि बांधावर फेकला. मी म्हटलं, "तुम्ही तर न्हाई म्हणाला होता." ते म्हणाले, "गप बस आणि तोडलेला ऊस वढ." ह्या माणसाचं असंच आहे. आधी नाही म्हणायचं, मग स्वतः करायचं, आणि तू सांगितलंस म्हणून केलं असं कुणाला म्हणू द्यायचं नाही. त्यांनी आधी पाचट चाचपत हद्दीचा दगड हुडकला. मग त्याच्या खालच्या सगळ्या सऱ्या, एकामागून एक, घाटाच्या बाजूपासून रानाच्या टोकापर्यंत तोडत गेले. मी म्हटलं, "अहो, एवढी नको, खड्ड्यापुरती पुरे." त्यांनी वर बघितलंही नाही.

ऊन वर आलं तशी घाटावर माणसं जमायला लागली. त्यांना ऊस पडतानाचा आवाज येत होता. पहिले डॉक्टर आले, काठाकाठानं, पॅन्ट वर करून. वाकून ऊस ओढायला लागले. मग चेअरमन आले, मग भजनी मंडळातल्या बायका. मी कुणाला काही सुनावलं नाही. त्यांची उतरलेली तोंडंच सगळं सांगत होती, आणि मला एकदम सगळ्यांची दया आली. माणसं वाईट नव्हती. जमिनीला चिकटलेली होती एवढंच, आणि आम्हीही त्यातलीच.

मिरजेहून मुलगा आला तो पाठीवरची बॅग तशीच घेऊन. बापाचं तोंड बघायला मिळालं नाही म्हणून आधीच सैरभैर झालेला. घाटावर पोचला तर त्याला कुणी सांगितलं की नदीत नाही, तिकडं उसात. तो आईवरच खेकसला, "नदीत सोडायचं सोडून कुनाच्या वावरात न्यायला निघालीस त्यास्नी? मेल्यावर बी दुसऱ्याच्या बांदावर?" आक्का म्हणाली, "बांद न्हवं रं. नदीच्या कडंला. चल बघ तरी." तो आला. मोकळी झालेली पट्टी, ताजे बुडके, आणि पलीकडं एवढं रुंद पाणी. तो बघतच राहिला. मग बॅग खाली ठेवली आणि आमच्या ह्यांच्या हातातली कुदळ घेऊन स्वतः खड्डा काढला.

राख घातली. मी आंब्याचं रोप आणलं होतं, रोपवाटिकेतलं, चांगलं कलमी. आक्कानं मान हलवली. "आंबा नको बाई. त्येची राखन करावी लागती, आनि आंबं काय आमास्नी कोन खाऊ देनार हाय? बाभळ लावा. मालकास्नी बाभळ आवडायची. शेंगा पडल्या की मेंढरं खात्यात." बाभळीचं रोप कुठं मिळायचं? मुलगा ओढ्याकडं गेला आणि मातीच्या ढेकळासकट एक वीतभर रोप उपटून घेऊन आला. पुढं नैवेद्य ठेवला. कावळा पटकन शिवला, आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

आमचे हे बाजूला उभे राहून नदीकडं बघत होते. फौजी माणूस, खरं ते बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणाले, "वैनी, एक सांगतो. पूर आला की हितं पाणी येतंय. झाड राहील, राख काय राहायची न्हाई."

आक्का पहिल्यांदा हसली. "येऊ द्या की दादा. नदीनं आपल्या हातानं नेली तर मी काय करनार? मी तर टाकली न्हाई." सगळे हसले. मुलगाही हसला आणि हसता हसता रडायला लागला.

एकेक करत माणसं घाटाकडं निघाली. आक्का मागं राहिली. ती खड्ड्यापाशी उकिडवी बसली, रोपाभोवतीची माती तळहातानं दाबली, नदीतून ओंजळभर पाणी आणून घातलं. मग त्या मातीशीच बोलायला लागली, घरात बोलावं तसं, आम्ही ऐकतोय ह्याचं तिला भान नव्हतं. "बसा आता निवांत. पानी हाय हितं. आता तुमास्नी कोन उठ म्हननार न्हाई."

मला पुढं होववेना. आमचे हे झाले. तोडलेल्या उसातून वाट काढत तिच्याजवळ गेले, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "कुणी न्हाई उठ म्हणत, वैनी. मी हाय तवर तरी न्हाई."